हाकोदाते अजून लांब आहे

५ जुलै, वाक्कानाई

वारा, वारा, वारा! तंबूच्या कनाती धरून ठेवायला दोन माणसं लागतात आणि आम्ही आहोत दीड. एक मी आणि अर्धे कामे-सान. त्यांचे म्हातारीचे केस काडीला गुंडाळायच्या आतच उडून जातात. आज एक गुलाबी गोळा थेट पुजाऱ्याच्या टोपीला जाऊन चिकटला. कामे-सान म्हणाले, "चला, नैवेद्य पोचला!" त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पण लाज म्हणून नाही.

माझं बरं. काडीवरचं सॉसेज पिठात बुडवायचं, तेलात सोडायचं, वारा काय वाकडं करणार? गिऱ्हाइकाला विचारायचं, साखर की केचप? साखर म्हणाला की समजायचं, पूर्वेकडचा. केचप म्हणाला की सापोरोचा, नाहीतर पलीकडच्या बेटावरचा पाहुणा.

दुपारी भावोजींचा फोन आला. शोकिची भावोजी आपणहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव बघूनच आधी गॅस बारीक केला. ताईला दवाखान्यातून घरी सोडलंय. मी म्हटलं, बरं झालं की. तर म्हणाले, "बरं नाही. कापण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून सोडलंय."

मी विचारलं, "येऊ का?"

"ती नको म्हणते."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

म्हणाले, "इकडे पाऊस आहे."

त्यानंतर माझ्या हातून साखरेच्या आणि मिठाच्या बरण्यांची अदलाबदल झाली. तीन पोरं तोंड वाकडं करून परत आली.

७ जुलै, वाक्कानाई

ताईशी बोलले. आवाज तोच. खणखणीत, हुकूम सोडणारा. मला वाटलं भावोजी उगाच घाबरवतात.

म्हणाली, "आज तानाबाताचा सण ना, गल्लीतली पोरं दारात येऊन ओरडून गेली. मेणबत्ती द्या, नाहीतर ओरबाडू म्हणतात मेली! मेणबत्तीऐवजी गोड गोळ्या दिल्या."

"जुलैतच? आपल्याकडे ऑगस्टात असायचं."

"हाकोदातेचं सगळं हाकोदातेसारखं. चाळीस वर्षं झाली, तरी मला सवय नाही."

मग म्हणाली की दार भावोजींनी उघडलं, ती पडद्यामागे बसून राहिली. पोरं घाबरली असती म्हणे. मी म्हटलं, घाबरायला तू काय अस्वल आहेस? तर हसली. हसताना धाप लागली.

"तू आत्ता येऊ नकोस, तोमोए. जरा अंगावर मांस चढू दे, मग ये. हे असलं थोबाड मला तुला दाखवायचं नाहीये."

मी म्हटलं, मला तुझं थोबाड काय नवीन आहे? तिने फोन ठेवला.

येऊ नकोस म्हणते. ठीक आहे. नाही येत. हंगाम आहे, जत्रा आहेत, कामे-सानना एकट्याने तंबू उभारता येत नाही. सगळी कारणं खरी आहेत. तरी रात्रभर कूस बदलत होते.

९ जुलै

दिवसभर रस्ता. डावीकडे समुद्र, उजवीकडे गाई. गाडी थांबवली की मला गुदमरल्यासारखं होतं.

११ जुलै, हामातोनबेत्सु

आमचं गाव. आमचं घर होतं तिथे आता ट्रॅक्टर ठेवतात. जत्रा एवढीशी. माणसांपेक्षा कावळे जास्त. पण मासेवाल्यांच्या सोसायटीतल्या एका म्हातारीने ओळखलं. म्हणाली, "तू ती बांधून ठेवलेली पोर ना?"

हो, तीच मी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, ताई चौदाची. बाबा बोटीवर. ताई धक्क्यावर मासे साफ करायला जायची आणि मला घरी ठेवायची सोय नव्हती. मी कुठेही पळायची. एकदा दुधाच्या गाडीत बसून पार पुढच्या गावी पोचले होते. तेव्हापासून ताईने किमोनोचा जुना पट्टा घेतला, एक टोक माझ्या कमरेला, एक तिच्या. पट्टा जेवढा लांब तेवढी माझी दुनिया. बायका हसायच्या. ताई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे, काय करू?"

ती लग्न होऊन हाकोदातेला गेली आणि त्याच उन्हाळ्यात मी जत्रेवाल्यांबरोबर निघाले. त्यांच्यातल्याच एकाशी लग्न केलं. तो गेला, गाडी राहिली. अठ्ठावन्नाची झाले. कुठल्याही घरात सलग आठवडाभर बसलेले नाही. ताईकडे गेले तरी दुसऱ्या दिवशी चुळबूळ. ती म्हणायची, "जा बाई जा, तुझं इंजिन तापलंय."

म्हातारीला सॉसेज दिलं. साखर लावून. पैसे घेतले नाहीत.

१२ जुलै

भावोजींना फोन केला. झोपली आहे म्हणाले. दुपारी तीनला? ताई? जी माणसं दुपारी झोपतात त्यांना ती आळशी म्हणते.

१५ जुलै, मोनबेत्सु

आज ठरवलं. जायचं! सकाळी उठून कामे-सानना सांगितलं, मी हाकोदातेला जाते. ते तांदूळ धूत होते. नुसतं म्हणाले, "जा की. मी इथे केस विकत बसतो. टक्कल पडलेल्या माणसाने केस विकायचे, काय दिवस आलेत!"

निघाले. एंगारू मागे पडलं. कितामीचा घाट चढले. वर धुकं, वळणावर एक हरणी रस्ता अडवून उभी. हॉर्न वाजवला तर माझ्याकडे नुसती बघत राहिली. तिला म्हटलं, बाई गं, तुला वेळ असेल, मला नाही.

घाटमाथ्यावर फोन वाजला. ताई! निघताना भावोजींना कळवलं होतं, त्यांनी चहाडी केली असणार. म्हणाली, "कुठे आहेस?"

"घाटात."

"मागे फिर."

"ताई, मी नुसतं बघून जाते. एक तास. बसणार पण नाही."

"तू बसणार नाहीस ते मला माहीत आहे. पण बघशील ना! तेच नकोय." मग जरा मऊ झाली. "आज मी पेज खाल्ली. आंबट बोर घालून. उद्या आणखी खाईन. ऑगस्ट संपला की ये, तोपर्यंत गाल भरतील. तेव्हा निवांत बघ."

"ताई—"

"तोमोए, माझं कधी ऐकलंस? एकदा ऐक."

आणि मी ऐकलं. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. गाडी वळवली आणि उतारावर मोठ्याने शिव्या घालत आले. कोणाला ते माहीत नाही.

संध्याकाळी कामे-सान बघतात तर मी पुन्हा तंबूत. भाताचा वाडगा पुढे सरकवला. नंतर म्हणाले, "हाकोदाते लवकर आलं आज."

१६ जुलै

पेज खाल्ली म्हणाली. म्हणजे बरंच आहे की.

१९ जुलै, अबाशिरी

मोठी जत्रा. गर्दी. तेल दोनदा बदललं. एक बाई आली, ताईच्या वयाची, तशीच बारीक डोळ्यांची. मी तिच्याकडे इतकी बघत राहिले की तिने विचारलं, तोंडाला काही लागलंय का? मी म्हटलं, हो, साखर. तिने अजून खाल्लंच नव्हतं.

मला ताईचा चेहरा नीट आठवत नाही! हे लिहायला भीती वाटते पण खरं आहे. आवाज आठवतो, हात आठवतात. माशाच्या खवल्यांनी कापलेली बोटं. चेहरा म्हटलं की फोटोतला येतो, लग्नातला, पावडर थापलेला, अनोळखी. समोर असली की आम्ही एकमेकींकडे बघतो कुठे? ती ओट्याकडे, मी दाराकडे. शेवटचं गेले होते तेव्हाही मी बूट घालता घालताच बोलत होते.

एकदा तिच्यासमोर बसायचंय. बसायचं आणि नुसतं बघायचं. बाकी काही नको.

२० जुलै

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा. शेवटी भावोजी. "ती बोलून दमते," म्हणाले. "तू जेवलीस का विचारत होती."

२३ जुलै, शारी

भांडण. कामे-सानशी. अकरा वर्षं एकत्र फिरतोय, असं कधी झालं नव्हतं.

झालं असं, जत्रा संपली. पुढची चार दिवसांनी. मी म्हटलं, लगेच निघू, वाटेत शिबेत्सुला दुपारचा बाजार असतो, तिथे लावू. ते म्हणाले, "दोन दिवस पडून राहू. माझे गुडघे बोलतायत."

मी म्हटलं, तुमचे गुडघे नेहमीच बोलतात.

तर कधी नव्हे ते आवाज चढवून म्हणाले, "पोरी, तू कशाकडे निघालीयस की कशापासून पळतेयस? एकदा ठरव. नकाशा उघडून बघ. हाकोदाते तिकडे खाली, आणि तू चाललीयस त्याच्या बरोब्बर उलट्या कोपऱ्यात!"

मी म्हटलं, ती येऊ नको म्हणते.

"माणसं म्हणतातच येऊ नको. माझी बायको म्हणाली होती, जत्रा करून या, मी बरी आहे. मी करून आलो."

मग साखरेचं यंत्र पुसत बसले. स्वच्छ होतं ते, तरी पुसत होते. अकरा वर्षांत बायकोबद्दल पहिलं वाक्य.

मी समुद्रापर्यंत चालत गेले, परत आले. पुन्हा गेले. परत आले.

२४ जुलै

दोन दिवस पडून राहणार. त्यांच्या गुडघ्यांसाठी. मी गाडी धुतली. मग पुन्हा धुतली.

२५ जुलै, शारी

भावोजींशी बोलले. आज त्यांचं तोंड जरा उघडलं. यंदा समुद्रात इका मासे नाहीत, वाळवायच्या दोऱ्या रिकाम्या आहेत, त्यामुळे दिवसभर घरीच असतात. ताईजवळ. म्हणाले, चाळीस वर्षांत एवढं बोललो नव्हतो. मी विचारलं, काय बोलता? "ती सांगते, मी ऐकतो. कुठल्या कपाटात काय आहे ते सांगते."

मला रडू आलं. रस्त्याच्या कडेला, बटाट्याच्या शेताजवळ. पांढरी फुलं लांबच लांब. एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, टायर गेला का? मी म्हटलं, हो. तर तो खरंच उतरून चारही टायर बघू लागला! चांगला माणूस. त्याला काहीतरी सांगावं लागलं, म्हणून म्हटलं, बहीण आजारी आहे. म्हणाला, "मग उलट्या दिशेला का तोंड करून उभ्या आहात?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं की ती कुठे असते! त्याला म्हणायचं होतं, गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला लावलीय. पण मला झोंबायचं ते झोंबलंच.

कुशिरोची जत्रा झाली की निघायचं. ती हो म्हणो की नाही म्हणो. हे मी इथे लिहून ठेवते.

२८ जुलै, कुशिरो

धुकं. दुपारी बारालाही दिवे लावावे लागतात. गिऱ्हाईक अंगावर येऊन आदळेपर्यंत दिसत नाही. नुसता आवाज येतो, "साखर!" इथे सगळेच साखरवाले. ताईसुद्धा. भावोजी तिची चेष्टा करायचे, माशाच्या गावची पोर आणि सॉसेजला साखर! ती म्हणायची, तुमच्या केचपपेक्षा बरी.

कामे-सानशी पुन्हा बोलणं सुरू. म्हणजे मी बोलते, ते हूं म्हणतात. नेहमीचंच.

२९ जुलै, कुशिरो

संध्याकाळी भावोजींचा फोन. एकच शब्द. "ये."

मी म्हटलं, ती काय म्हणते?

"तीच म्हणते."

मी एप्रन काढला, गॅस बंद केला, किल्ली हातात घेतली. कामे-सान गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. हात पसरून! म्हणाले, "धुक्यात त्या किनाऱ्याच्या रस्त्याने गेलीस तर बहिणीच्या आधी पोचशील वर. उजाडू दे." मी म्हटलं, बाजूला व्हा. म्हणाले, "घाल अंगावर." आणि खरंच हलेनात. त्यांच्या पलीकडे खरोखर काही दिसत नव्हतं. दिवा लावला तरी पांढरी भिंत.

थांबले. गाडीतच बसून आहे. ती हो म्हणाली! बघू दे म्हणाली असेल. उद्या रात्रीपर्यंत पोचेन. पोचल्यावर बसेन. वचन. जागची हलणार नाही.

३० जुलै, याकुमोजवळ, समुद्रकिनारी

सकाळी ओबिहिरोच्या अलीकडे फोन आला. बीटच्या शेतापाशी थांबले होते.

भावोजी म्हणाले, "आत्ताच."

आणखी काय बोललो? ते म्हणाले, त्रास झाला नाही. मी म्हटलं, हो. म्हणाले, आज घरीच ठेवतोय. उद्या संध्याकाळी सहाला तिच्यासाठी जागरण, परवा बाकीचं. "तू आज रात्रीपर्यंत ये. नाही जमलं तर उद्या सकाळी लवकर." मी म्हटलं, येते.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, कारण इथे नाही लिहिणार तर कुठे? वाटलं, आता घाई संपली. जुलैभर माझ्या छातीत जे इंजिन धडधडत होतं ते एकदम बंद पडलं. गाडीच्या पायरीवर बसले. एक म्हातारा शेतकरी आला, त्याने काही न विचारता गाराना सरबताची बाटली दिली आणि निघून गेला. प्यायले. गोड लागली. बहीण गेली आणि मला गोड लागतंय! तेव्हा रडले.

मग हळूहळू आले. निशशोचा घाट सावकाश उतरले. तोमाकोमाईला थांबून काळे कपडे घेतले. दुकानातली मुलगी म्हणाली, हे तुम्हाला ढगळ होतील. म्हटलं, चालेल, तिला ढगळच आवडायचे. मग समुद्राच्या कडेकडेने. मुरोरान, मग उपसागराला वळसा. सूर्य बुडताना पाणी इतकं शांत होतं की गाडी थांबवली. अजून पुढे गेले असते तर रात्री हाकोदातेला पोचले असते. पण नाही गेले. भावोजींच्या तीन बहिणी असतील, शेजारणी असतील. अनोळखी बायका, अनोळखी चहा. मी कोपऱ्यात गुडघे दुमडून रात्रभर बसायचं. उद्या जाते. जागरणाला वेळेवर पोचलं की झालं.

तिथे मी बघेन तिला. आईच्या जागरणाचं आठवतंय. शवपेटीच्या झाकणाला वरच्या बाजूला छोटी खिडकी असते, ती उघडी ठेवली होती. माझा हात पोचत नव्हता, डोळा पोचत नव्हता. भिक्खू मंत्र म्हणत होते, आणि ताईने मला काखेत धरून वर उचललं. म्हणाली, "बघून घे. उद्या नेतील." मी बघितलं. आईचा चेहरा मला आजही आठवतो, नाकावरच्या तिळासकट. ताईमुळे.

आता ताईला तोंड फिरवता येणार नाही. गाल भरलेले नसले तर नसू देत. मी उद्या त्या खिडकीशी बसेन आणि रात्रभर बघेन. मनसोक्त. कोणी म्हणालं ना, आता पुरे, तर भांडेन.

कामे-सानचा फोन येऊन गेला. सांगितलं. म्हणाले, "माझ्यातर्फे पण बघ."

३१ जुलै, ओनुमा, सकाळी

लवकर जाग आली. नऊच्या आधीच इथे तळ्यावर. हाकोदाते आता अर्ध्या-पाऊण तासावर आणि जागरण संध्याकाळी!

सकाळी लवकर ये म्हणाले होते भावोजी. माहीत आहे कशाला. स्वयंपाकघरात हात हवे असतील. भाताचे गोळे वळा, कपबशा मोजा, आलेल्यांच्या चपला लावा. जाईन. दुपारी जाईन, सगळ्या चपला लावीन. पण ही सकाळ माझी.

टपरीवरून पिठाच्या गोळ्या घेतल्या, तीळ लावलेल्या. फोन गाडीतच ठेवला, आज कोणाशी बोलायचं नाही. पाण्यात कमळाची पानं, मागे डोंगर, त्याचं टोक मोडल्यासारखं. एक बदक पिल्लांना घेऊन चाललंय. मागे राहिलेल्या पिल्लासाठी थांबतं, मग पुढे. मी बाकावर बसलेय. किती वेळ झाला कोण जाणे, आणि उठावंसं वाटत नाहीये! पाय हलत नाहीत. चुळबूळ नाही. कामे-सानने बघितलं असतं तर नाडी तपासली असती.

मनाशी म्हणतेय काय काय सांगायचं ते. घाटातली हरणी. पुजाऱ्याच्या टोपीला चिकटलेले केस. आणि हेही, की मी तुझ्या सांगण्यावरून मागे फिरले, ते चूक केलं की बरोबर, मला अजून कळत नाही, पण तुझं ऐकलं. सगळं सांगेन. ती आता मध्येच हुकूम सोडणार नाही.

ऊन छान आहे. आणखी थोडं बसते.

३१ जुलै, हाकोदाते

देव्हाऱ्यापुढे पांढऱ्या कापडात बांधलेली चौकोनी पेटी. हातभर उंच. मी भावोजींना विचारलं, ताई कुठे आहे?

इथे आधी अग्नी देतात. जागरण नंतर, अस्थींपुढे. हाकोदातेत असंच. त्यांना वाटलं सगळीकडे असंच, मला वाटलं सगळीकडे आमच्यासारखं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

भावोजी म्हणाले, "परवा आरसा मागितला तिने. ओठांना रंग लावून घेतला, तू येणार म्हणून. आज साडेनऊपर्यंत मी झाकण लावू दिलं नाही. फोन करत होतो."

साडेनऊला मी तळ्यावर बसले होते. स्वस्थ.